‘६४-बिट लॅपटॉपवर जुने गेम चालत नाहीत’ हे कितपत खरं?

‘नवे लॅपटॉप ६४-बिट असतात, त्यामुळे ३२-बिटचे जुने गेम त्यांवर चालूच शकत नाहीत, सीडी टाकून द्या’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. कृपया सीडी टाकू नका.

६४-बिट विंडोजमध्ये ३२-बिट प्रोग्रॅम चालवायची सोय मुळातच असते. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘प्लॅटफॉर्म’ हा कॉलम सुरू करा. चालू असलेला प्रोग्रॅम ३२-बिट आहे की ६४-बिट, ते तिथेच दिसतं.

समजाला आधार मात्र आहे. १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर खरोखरच चालत नाहीत. नव्वदच्या दशकातल्या काही गेमचा इन्स्टॉलर १६-बिट आणि गेम ३२-बिट असायचा. अडतो इन्स्टॉलर, नाव येतं गेमचं. त्याआधीचे डॉसवरचे (विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरचे) गेम तर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये आजही छान चालतात.

म्हणून आधी एरर नीट वाचा. त्यात ‘डी३डीएक्स९’ने (d3dx9) सुरू होणारं फाइलचं नाव असेल, तर डायरेक्टएक्सच्या, म्हणजे विंडोजमध्ये गेमचं चित्र-आवाज हाताळणाऱ्या भागाच्या, जुन्या फाइल हव्यात. नव्या डायरेक्टएक्ससोबत त्या येत नाहीत, वेगळ्या टाकाव्या लागतात. सुटी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी अशी सहायक फाइल) कुठूनही उतरवू नका, ते धोक्याचं आहे. मायक्रोसॉफ्टचं मूळ पॅकेजच घ्या. काहीच एरर नसेल, तर गेमच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’त जुनं विंडोज निवडून पाहा.

खरा पेच सेफडिस्क या सीडी-संरक्षणाचा, म्हणजे सीडी अस्सल आहे का ते तपासणाऱ्या सोयीचा. २०१५च्या विंडोज १० पासून त्याचा ड्रायव्हर (विंडोजमध्ये बसणारा त्याचा भाग) चालत नाही. अशा गेमची नव्याने विक्रीला आलेली डिजिटल आवृत्ती मिळते का, ते शोधा.