फोनचं आयुष्य दोन वर्षांनी वाढलं तर

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फोनची बॅटरी ५,००० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास असते. व्होल्टेज ३.८५ धरला, तर पूर्ण भरलेल्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास ऊर्जा साठते. रोज एकदा शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत चार्जिंग केलं, तरी वर्षाकाठी ही सात युनिटं झाली (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). चार्जरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज धरली तर नऊ. भारतात एक युनिट वीज तयार होताना सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षभराच्या चार्जिंगपोटी जेमतेम सहा किलो. घरातला पंखा पाच-सहा दिवस रात्रंदिवस चालला तरी एवढी वीज जाते.

आता त्याच फोनचा दुसरा हिशेब. जन्मापासून भंगारात जाईपर्यंत एक स्मार्टफोन साधारण ६० ते ८० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा बोजा वातावरणावर टाकतो, आणि त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास वाटा तो तयार होतानाचा असतो. खोका उघडून आपण फोन पहिल्यांदा हातात घेतो, तोवर ५०-५५ किलोंचा खर्च होऊन गेलेला असतो. आठ-नऊ वर्षं रोज चार्जिंग केलं तर होईल, तेवढा. मोबाइल टॉवर आणि डेटा सेंटरची वीज यात धरलेली नाही. तिचा प्रश्न मोठा आहे आणि स्वतंत्र लेखाचा आहे. पण ती वीज फोन जुना असला काय नि नवा असला काय, लागणारच.

एवढा खर्च होतो कुठे? बराचसा चिपमध्ये. वाळूतल्या सिलिकापासून सिलिकॉन वेगळं काढायला विजेच्या भट्टीत २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. ते सिलिकॉन मग इतकं शुद्ध करावं लागतं, की अब्जात एखाद-दुसराच परका अणू राहावा. त्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवत, कोरत, धूत चिप घडते. शेकडो टप्पे, दोन-तीन महिने. प्रत्येक धुण्याला क्षारांचा कणही नसलेलं पाणी लागतं आणि ते तयार करायला पुन्हा वीज. यंत्रांचे कक्ष साफ करायला नायट्रोजन ट्रायफ्लोराइडसारखे वायू वापरतात. त्यातला जो अंश निसटतो, तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १७,००० पट उष्णता अडवतो. यातले बहुतेक कारखाने तैवान, दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये आहेत, आणि तिथली वीज अजून मुख्यतः कोळसा नि वायूवरच बनते.

आता ५५ किलो तीन वर्षांवर वाटून पाहा: वर्षाला १८ किलो. पाच वर्षांवर वाटले तर ११. फोन तोच, कारखाना तोच, तरी वर्षाचा बोजा ४० टक्क्यांनी उतरला. भारतात दरवर्षी सुमारे १५ कोटी स्मार्टफोन विकले जातात. डिजिटल प्रगतीच्या सरकारी नि खासगी आकडेवारीत किती फोन विकले गेले ते हमखास असतं. ते किती वर्षं टिकले, हे मला तरी कधी वाचायला मिळालेलं नाही. माझ्या मते मोजायचं ते हेच.

फोन मरतो तो तीन कारणांनी: स्क्रीन फुटते, बॅटरी थकते किंवा सॉफ्टवेअर साथ सोडतं. स्क्रीनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बॅटरीचं मात्र समजून घेण्यासारखं आहे. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन दोन टोकांमध्ये ये-जा करतात. ग्रॅफाइटच्या टोकावर पहिल्याच चार्जिंगला एक बारीक थर जमतो. तो उपयोगी असतो, टोकाचं रक्षण करतो. पण चार्जिंगच्या प्रत्येक चक्रात तो थोडा थोडा जाड होत जातो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेत हे वेगाने होतं. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन म्हणूनच लवकर म्हातारा होतो. ही झीज थांबत नाही, पण बॅटरी बदलता येते. मात्र ती गोंदाने चिकटवलेली असते, मागची काच तापवून सोडवावी लागते, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये बाहेरचा सुटा भाग बसवला की सॉफ्टवेअर तो ओळखतच नाही.

तिसरं कारण मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. यंत्र धडधाकट असतं, पण सुरक्षेचे अपडेट बंद होतात, मग एक दिवस बँकेचं ॲप उघडायचं थांबतं. ज्या कुटुंबात एकच फोन आहे, तिथे त्या दिवशी नवा फोन घेण्यावाचून गत्यंतर नसतं. युरोपीय संघाने यावर कायदा केला. २० जून २०२५पासून तिथे विकायला येणाऱ्या नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी, महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षं मिळायला हवेत आणि अपडेट किमान पाच वर्षं. तंत्रज्ञान तेच, कंपन्याही त्याच. मग त्याच कंपन्यांचे फोन आपल्याकडे तेवढे का टिकू नयेत? भारत सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, आणि फोन दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे गुण खोक्यावर छापावेत का, यावर समितीही नेमली. दिशा बरोबर आहे. सक्ती अजून नाही.

आपल्याकडे कायद्याच्या आधीपासून जे आहे, ते पाहायचं तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जावं. समजा, फोन पूर्ण बंद आहे. कंपनीचं सेंटर म्हणतं, बोर्ड, म्हणजे सगळ्या चिप बसवलेली आतली पट्टी, बदला. त्यात जवळजवळ नव्या फोनचे पैसे. दुरुस्तीवाला बोर्ड बाहेर काढतो, राळेच्या धुरावर धरतो. बोर्डावर पांढुरका पातळ थर बसतो. मग तो पॉवर सप्लायच्या दोन पिना लावून अगदी कमी व्होल्टेज सोडतो. शॉर्ट झालेला भाग तापतो, त्याच्यावरची राळ वितळते आणि पांढऱ्या थरात तेवढाच एक ठिपका उघडा पडतो. तो असतो मोहरीहूनही लहान कपॅसिटर, वीज क्षणभर साठवणारा भाग. सूक्ष्मदर्शकाखाली फ्लक्स (डाक नीट बसावा म्हणून लावायचा पदार्थ) लावून, हॉट एअरने तो उचलायचा आणि दुसरा बसवायचा. हा दुसरा येतो भंगारातल्या मेलेल्या बोर्डावरून. ड्रॉवरमध्ये असे शेकडो बोर्ड मॉडेलवार लावून ठेवलेले असतात. पन्नासेक किलो कार्बनचा नवा फोन त्या एका कपॅसिटरमुळे टळतो. हे शिकवणारी पदवी नाही, बोर्डाचे नकाशे कंपन्या देत नाहीत. ही माणसं एकमेकांकडून शिकली आहेत.

तरीही प्रत्येक फोनचा शेवट येतोच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. भारतात २०१९-२०मध्ये हा कचरा १० लाख टनांच्या घरात होता, २०२३-२४मध्ये तो १७.५१ लाख टनांवर गेला.

या कचऱ्यात धन आहे. सोन्याच्या बहुतेक खाणींत टनभर खडक फोडून १ ते ५ ग्रॅम सोनं निघतं. टनभर जुन्या फोनमधून ३०० ग्रॅमच्या आसपास. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने ७८,९८५ टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यात ६२ लाखांवर मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं आणि ३,५०० किलो चांदी निघाली, आणि सुमारे ५,००० पदकं त्या धातूंतून घडली.

प्रश्न ते कसं काढायचं याचा आहे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत अशी: बोर्ड आचेवर धरून सोल्डर, म्हणजे भाग जोडणारा डाक, वितळवायचं, चिप झटकून काढायच्या, मग उरलेला बोर्ड तेजाबाच्या पिंपात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण, म्हणजे शाळेत शिकलेलं आम्लराज, सोनंही विरघळवतं. पिवळट तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसं जाळतो. तांब्यासाठी वायर जाळली, की वरच्या पीव्हीसीतलं क्लोरीन डायॉक्सिनसारखी विषं बनवतं, आणि तांबं स्वतःच त्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतं. जुन्या सोल्डरमधलं नि जाड काचेच्या मॉनिटरमधलं शिसं धुळीत मिसळतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट प्रमाणात लहान मुलाच्या शरीरात शोषलं जातं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजतं. ते मेंदूच्या वाढीवर घाव घालतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. मुरादाबादमध्ये जळालेल्या बोर्डांची काळी राख रामगंगेच्या काठावर साचली.

अधिकृत कारखान्यात धूर गाळला जातो, आम्ल पुन्हा वापरलं जातं, धातूही जास्त निघतो. मग माल तिकडे का जात नाही? कारण गाळणीचा, सांडपाण्याचा, कामगारांच्या सुरक्षेचा खर्च पिंपवाल्याला नसतो, म्हणून तो भंगारवाल्याला बोर्डाचा भाव जास्त देऊ शकतो. त्याच्या फुप्फुसांची आणि शेजारच्या पोरांची किंमत त्या भावात कुठेच धरलेली नाही.

१ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी हे गणित बदलायचा प्रयत्न केला. फोन, टीव्ही, फ्रिज बनवणाऱ्या कंपन्यांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टं आली: सुरुवातीला ६० टक्के, मग ७० आणि २०२७-२८पासून ८०. त्यासाठी त्यांनी पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून, तेवढा माल पुनर्चक्रित झाल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. नंतर सरकारने किमान दरही ठरवून दिला, घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये. काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आहेत. पण प्रमाणपत्रं आहेत सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंची. स्पीकरच्या इवल्या चुंबकातलं निओडिमियम त्यात येत नाही. एप्रिल २०२५मध्ये चीनने अशा दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा आपले वाहन-कारखाने चिंतेत पडले. तसलीच चुंबकं आपण रोज भंगारात टाकतो आहोत.

आणि माणसं? नियमांत नोंदणी चार प्रकारच्या संस्थांची: वस्तू घडवणारा निर्माता, आपल्या नावाने ती विकणारा उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा. दारोदार फिरणारी कचरावेचक बाई यात नाही. तपकीर गल्लीतला दुरुस्तीवाला नूतनीकरण करणारा ठरू शकेल, पण नोंदणी आणि तिमाही विवरणपत्रं एका टेबलाच्या दुकानाला झेपणारी नाहीत. पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि २००८पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेतून कचरावेचक, बहुतेक दलित समाजातल्या स्त्रिया, महानगरपालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा घेऊ लागल्या. ओळखपत्र, ठरलेली वस्ती, ठरलेला मोबदला. जुनी उपकरणं घराघरातून बाहेर काढण्याचं सगळ्यात अवघड काम यांच्याच हातून होऊ शकतं. कारखान्याची गाडी चौथ्या मजल्यावर येत नाही.

नियमांतच दोन चांगल्या तरतुदी आहेत. पुनर्चक्रणाच्या कामगारांना ओळखून त्यांची नोंद करणं आणि त्यांचे गट उभारायला मदत करणं ही राज्य सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. आणि एखादी वस्तू दुरुस्त करून तिचं आयुष्य वाढवलं, तर कंपनीचं पुनर्चक्रणाचं दायित्व तेवढं पुढे ढकललं जातं, आणि मुदत संपल्यावर त्यातलं ७५ टक्केच तिच्या नावावर येतं. म्हणजे दुरुस्तीला कायद्याने किंमत दिलेली आहे. ती टेबलापर्यंत पोचत नाही एवढंच. गल्लीतल्या पन्नास दुरुस्तीवाल्यांना मिळून एक नोंदणी करता आली, कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला संकलनासाठी मान्यता मिळाली आणि किलोमागच्या किमान दरातला ठरलेला वाटा थेट त्यांच्या खात्यात गेला, तर बोर्ड पिंपाकडे जायचं कारण उरणार नाही. २०२७-२८ला ८० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठायचं, तर हा माल घराघरातून गोळा करायला माणसं लागणारच आहेत. महाराष्ट्रात ती आहेत, संघटित आहेत. त्यांची नोंदणी राज्य सरकारला आजपासून सुरू करता येईल.