कॉम्पॅक्ट लायसन्स आणि एंडॉर्समेंट: अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंग करणाऱ्यांसाठी

दुसऱ्या राज्यातलं असाइनमेंट, म्हणजे काही आठवड्यांचं कंत्राटी काम, आलं की एजन्सीचा रिक्रूटर विचारतो, कॉम्पॅक्ट आहे की एंडॉर्समेंट करायचंय? दोन्हींमुळे दुसऱ्या राज्यात काम करता येतं, दोन्हींत एनक्लेक्स, म्हणजे नर्सिंग लायसन्सची परीक्षा, पुन्हा द्यावी लागत नाही. म्हणून गल्लत होते. खरं तर एंडॉर्समेंट ही लायसन्स मिळवण्याची वाट आहे आणि कॉम्पॅक्ट, म्हणजे मल्टिस्टेट, हा एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणारा लायसन्सचा प्रकार.

एंडॉर्समेंटमध्ये एका राज्याच्या लायसन्सच्या आधारे दुसऱ्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचा. फी वेगळी, कागदपत्रं वेगळी, थांबणंही वेगळं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेल्या नर्सला परराज्यात गेल्यावर तिथल्या कौन्सिलकडे जावं लागतं, साधारण तसंच.

मल्टिस्टेट लायसन्स राज्यांच्या आपसांतल्या करारावर, म्हणजे कॉम्पॅक्टवर, चालतं. करार २००० मध्ये अमलात आला, २०१८ मध्ये बोटांच्या ठशांसह पार्श्वभूमीची तपासणी वगैरे अटी घालून नव्यानं लागू झाला. बहुतेक राज्यं आता त्यात आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: मल्टिस्टेट मिळतं ते तुमचं कायमचं घर कुठे आहे यावर, काम कुठे करता यावर नाही. पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, केंद्रीय कर विवरणपत्र असं काही बघतात. डॅलसला राहणारी नर्स मल्टिस्टेटवर फीनिक्सचं तेरा आठवड्यांचं काँट्रॅक्ट घेऊ शकते, ॲरिझोनाकडे वेगळा अर्ज न करता. तिलाच लॉस एंजेलिसचं काम आलं तर मात्र कॅलिफोर्नियाचं एंडॉर्समेंट हवंच. आणि लॉस एंजेलिसला घर असलेल्या नर्सनं टेक्सासचं एंडॉर्समेंट केलं, तरी तिला मिळतं ते फक्त टेक्सासपुरतं लायसन्स. एजन्सीनं ‘टेक्सास तर कॉम्पॅक्ट आहे’ म्हटलं तरी त्यावर ॲरिझोनात जाता येत नाही.

भारतात बसून न्यूयॉर्कमार्फत एनक्लेक्स दिलेल्यांना आधी एकाच राज्याचं लायसन्स मिळतं. पुढे टेक्सासला स्थायिक होऊन तिथे एंडॉर्समेंटचा अर्ज करताना राहण्याचा पुरावा जोडला आणि बाकीच्या अटी बसल्या, की मल्टिस्टेट मिळू शकतं. म्हणजे पहिल्या वाटेनं दुसऱ्यापर्यंत पोचता येतं!

घर हललं तर तेही बोर्डाला कळवायचं. एका कॉम्पॅक्ट राज्यातून दुसऱ्यात कायमचं राहायला गेल्यास ६० दिवसांच्या आत नव्या राज्यात अर्ज करावा लागतो. हा नियम २०२४ पासून आहे. असाइनमेंटपुरतं भाड्यानं राहणं त्यात येत नाही. पेशंट ज्या राज्यात, तिथला नर्सिंग कायदा लागू, हे दोन्हींना सारखंच, फोनवरून सल्ला देतानाही.

काँट्रॅक्टवर सही करण्याआधी नर्सिस (Nursys) या नर्सिंग लायसन्स तपासण्याच्या वेबसाइटवर स्वतःचं नाव टाकून बघा. ते फुकट आहे, आणि तुमचं लायसन्स मल्टिस्टेट आहे की एकाच राज्याचं, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं.