बारावीनंतरच्या शिक्षणासाठी शुल्कसवलत, शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज: सातारा-सांगलीच्या पालकांसाठी अर्जप्रक्रियेची माहिती

शिष्यवृत्तीचा अर्ज आणि कर्जाचा अर्ज हे दोन स्वतंत्र मार्ग असले, तरी त्यांचा क्रम घरात आधीच ठरलेला असावा. प्रथम शुल्कसवलत आणि शिष्यवृत्ती मिळवावी आणि त्यानंतर जो खर्च उरेल तेवढ्याचेच कर्ज घ्यावे. आपल्या भागात बरेचदा याच्या उलट घडते. मुलाचे नाव यादीत लागते, शुल्क भरण्याची मुदत दोन दिवसांवर येते, उसाचे बिल हातात नसते, मग वडील घाईघाईने सोसायटीतून किंवा ओळखीच्या पतसंस्थेतून रक्कम उचलतात. ज्या मुलीचे शिक्षण शुल्क शासन पूर्ण भरणार होते, तिच्या नावावर घरात कर्ज उभे राहते. गावातील मुलांचे अर्ज भरून देताना हे मी वारंवार पाहिले आहे आणि त्याचे मूळ जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असते: दाखले वेळेत काढलेले नसतात.

म्हणून सुरुवात दाखल्यांपासून करतो. बारावीच्या निकालाची वाट न पाहता एप्रिल महिन्यातच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. हा दाखला तहसीलदार देतात आणि अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा संकेतस्थळावरून स्वतः करता येतो. शिधापत्रिका, आधार, स्वयंघोषणापत्र, नोकरी असल्यास फॉर्म १६ आणि शेती असल्यास सातबारा व आठ-अ उतारा, तसेच तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा अहवाल, एवढी कागदपत्रे सोबत लागतात. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार या दाखल्याला मुदत ठरवून दिलेली आहे आणि ती उलटल्यास अपील करता येते. मात्र जून-जुलैमध्ये हजारो अर्ज एकाच वेळी येतात, तेव्हा अपिलाच्या भरवशावर राहण्यापेक्षा आधी अर्ज करणे शहाणपणाचे ठरते. दाखल्यावर त्याची मुदत छापलेली असते. मागील वर्षीचा दाखला ३१ मार्चला संपलेला असतानाही तोच जोडल्यामुळे अर्ज परत येणे ही अत्यंत नेहमीची चूक आहे.

उत्पन्न म्हणजे केवळ वडिलांचे नव्हे, तर कुटुंबाचे. आई अंगणवाडीत मानधनावर असेल किंवा वडिलांचा जोडधंदा असेल, तर तेही त्यात मोजले जाते. उत्पन्न कमी दाखवून घेतलेला दाखला पुढे बँकेत अडचणीचा ठरतो, कारण तेथे याच कुटुंबाला परतफेडीची क्षमता दाखवायची असते आणि दोन ठिकाणचे दोन आकडे समोरासमोर येतात. खरा आकडा लिहावा. सवलतींच्या मर्यादा अशा आहेत की सामान्य शेतकरी कुटुंब खऱ्या आकड्यावरही त्यांत बसते.

अधिवासाच्या दाखल्याकडे खानापूर, आटपाडी आणि तासगाव परिसरातील कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. या भागातील असंख्य घरे गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. मुले दहावी किंवा बारावी परराज्यात उत्तीर्ण होतात आणि अभियांत्रिकीसाठी गावाकडे परततात. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास अशा विद्यार्थ्यासाठी वेगळा पात्रता प्रकार आहे आणि त्यासाठी पालकांचा अधिवास दाखला हातात असावा लागतो. दाखल्यासाठी सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जात असल्याने वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव असे कागद गावी जत्रेला आल्यावरच गोळा करून ठेवावेत.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते, तर इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग यांना नॉन क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही लागते. वैधतेचा प्रस्ताव जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो आणि तेथे आजोबा-पणजोबांच्या शालेय नोंदी तपासल्या जातात. त्यामुळे हे काम अकरावीत असतानाच हाती घ्यावे.

आता योजनांकडे वळू. राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरले जातात. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी तेथील सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती होय. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा, व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅपमधून झालेला असावा आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ घेता येतो, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. या योजनेत मुलांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची ५० टक्के सवलत मिळते. मुलींच्या बाबतीत मात्र जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा बदल झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे हे शुल्क १०० टक्के माफ आहे. सवलतीची रक्कम वजा करूनच प्रवेशाच्या वेळी शुल्क घ्यावे, अशी शासनाची सूचना आहे. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाने आधी पूर्ण शुल्क भरा, नंतर परत देऊ, असे सांगितल्यास पालकांनी नम्रपणे, पण ठामपणे, ती मागणी लेखी मागावी.

येथे एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावी अशी आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश, तसेच अभिमत किंवा खासगी विद्यापीठातील प्रवेश, या सवलतीस पात्र नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणि शेजारच्या कोल्हापूर-पुण्यात अशी विद्यापीठे आहेत आणि त्यांच्या इमारती, बस, जाहिराती पाहून पालकांना हा फरक कळत नाही. पसंतीक्रम भरण्यापूर्वीच ती संस्था शिवाजी विद्यापीठासारख्या शासकीय विद्यापीठाशी संलग्न आहे, स्वायत्त आहे की स्वतंत्र खासगी विद्यापीठ आहे, याची चौकशी करावी. सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी कॅपमधून प्रवेश मिळालेल्या आणि अटींत बसणाऱ्या विद्यार्थ्याला सवलतीचा मार्ग मोकळा असतो. तोच अभ्यासक्रम खासगी विद्यापीठात घेतल्यास चार वर्षांचे पूर्ण शुल्क घरातून जाते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा २.५० लाख रुपये आहे आणि त्याहून अधिक उत्पन्न असलेल्यांसाठी फ्रीशिपची, म्हणजे शुल्कमाफीची, स्वतंत्र योजना आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो. विद्यार्थ्याच्या खात्यात येणाऱ्या रकमेत महाविद्यालयाच्या शुल्काचाही भाग असतो, तो ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात भरावा लागतो. ही रक्कम आपल्या खर्चाची समजून वापरल्याने निकाल किंवा दाखला अडकलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून हे पालकांना समजावून सांगणे आवश्यक आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेचा आणि इतर मागासवर्ग व विमुक्त-भटक्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज अवश्य करावा.

गाव सोडून शहरात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना तिचा विशेष लाभ मिळतो. अल्पभूधारक असल्याचा दाखला तहसीलमधून मिळतो. पाटण, जावळीकडील अनेक वडील मुंबईत माथाडी कामगार आहेत. त्यांनी आपल्या नोंदणीचा दाखला सुट्टीवर येतानाच सोबत आणावा, कारण नंतर तो टपालाने मागवण्यात महिना जातो.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर बारावीच्या मंडळ परीक्षेतील वरच्या २० शतमकात, म्हणजे पहिल्या २० टक्के विद्यार्थ्यांत, असलेल्या आणि ४.५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी पदवीला वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी प्रगती योजनेत वर्षाला ५०,००० रुपये मिळतात. एका वेळी कोणत्या दोन योजना एकत्र घेता येतात आणि कोणत्या नाही, हे प्रत्येक योजनेच्या अटींत दिलेले असते. अर्ज पाठवण्यापूर्वी ते शांतपणे वाचावे.

प्रत्यक्ष अर्ज भरताना नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आणि आधारवरही तसेच असावे. एकीकडे आडनाव आधी व दुसरीकडे शेवटी, किंवा आईच्या नावातील एखादा वेगळा स्वर, एवढ्या कारणानेही माहिती जुळत नाही. अर्ज पाठवल्यावर काम संपले, असे समजू नये. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे आणि मग विभागाकडे तपासला जातो आणि त्रुटी असल्यास परत विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये येतो. तेथे तो दुरुस्त करून पुन्हा पाठवण्यास ठरावीक दिवस असतात. नेट कॅफेचालकाने स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकलेला असेल, तर हा संदेश विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही. क्रमांक स्वतःचा द्यावा, पासवर्ड वहीत लिहून ठेवावा आणि पंधरा दिवसांतून एकदा लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहावी. पुढील प्रत्येक वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो, तो आपोआप होत नाही.

मंजूर झालेली रक्कम खात्यात न येण्याचे कारण बहुधा आधार जोडणीत सापडते. बँकेत केवायसीसाठी आधारची प्रत देणे आणि ते खाते शासकीय लाभासाठी आधारशी जोडणे, ज्याला बँकेत आधार सीडिंग म्हणतात, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली केली म्हणजे दुसरी झाली, असे नाही. एका वेळी एकच खाते असे जोडलेले राहते आणि ज्या खात्याचे सीडिंग शेवटी झाले, त्यातच पैसे जातात. माझ्या पुतणीची रक्कम दीड वर्ष आली नाही असे आम्ही समजत होतो. ती शाळेत असताना उघडलेल्या आणि घरात सगळे विसरून गेलेल्या दुसऱ्या खात्यात पडून होती. जोडलेले खाते कोणते, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते.

एवढे सर्व करून जो खर्च उरतो, त्यासाठी बँकेकडे जावे. शिक्षण शुल्काशिवाय वसतिगृह, मेस, पुस्तके, संगणक हा खर्चही शैक्षणिक कर्जात धरला जातो. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही आणि त्यापुढे देशांतर्गत शिक्षणासाठी ५ टक्के भरावा लागतो. ७.५० लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या हमी निधीचे संरक्षण असल्याने तारण मागितले जात नाही, मात्र आई किंवा वडील सहकर्जदार असतात. त्यापुढील कर्जाला तारण लागते आणि तेथे शेतकऱ्याची अडचण होते, कारण कर्ज थकल्यास तारण विकून वसुली करण्याचा सरफेसी कायदा शेतजमिनीस लागू नाही, म्हणून बँका घर किंवा बिगरशेती जागा पसंत करतात.

अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करावा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजनेस मान्यता दिली. ठरवून दिलेल्या गुणवत्तापूर्ण संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, असे तिचे स्वरूप आहे. ४.५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष यांचे संपूर्ण व्याज केंद्र भरते. हे अनुदान किती मोलाचे आहे, ते हिशेबाने पाहू. चार वर्षे दरवर्षी १ लाख उचलले आणि १० टक्के सरळ व्याज धरले, तर पाचव्या वर्षाअखेर १ लाख ४० हजार रुपये व्याज साठते. अनुदान मिळाल्यास हप्ते सुरू होताना केवळ ४ लाखच देणे असते. मात्र इतर शासकीय शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्यांना पीएम-विद्यालक्ष्मीची व्याज सवलत मिळत नाही. ज्यांना शुल्कमाफी मिळते, त्यांच्यासाठी बहुतेक वेळा शुल्कमाफीच अधिक फायद्याची असते, पण दोन्ही आकडे कागदावर मांडून मगच ठरवावे.

बँकेत जाताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचे जागावाटप पत्र, महाविद्यालयाच्या लेटरहेडवरील सर्व वर्षांचा खर्चाचा तक्ता, विद्यार्थी व पालकांचे आधार आणि पॅन, सहा महिन्यांचे खातेउतारे आणि उत्पन्नाचा दाखला न्यावा. बँक सहकर्जदाराचा सिबिल अहवाल, म्हणजे त्याच्या आधीच्या कर्जांच्या परतफेडीची नोंद, पाहते. पीककर्जाचा जुना थकीत हप्ता किंवा दुसऱ्याला राहिलेली जामीनकी तेथे दिसते, म्हणून तो अहवाल आधीच काढून पाहावा आणि कर्ज फेडलेले असल्यास सोसायटीचा बेबाकी दाखला जोडावा. तुमचे गाव आमच्या शाखेच्या हद्दीत नाही, एवढ्या कारणाने शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेले आहे. नकार मिळाल्यास तो कारणासह लेखी मागावा, मग बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातील बँकांच्या कामात समन्वय ठेवणाऱ्या बँकेच्या, व्यवस्थापकाकडे जावे आणि तेथेही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करावी. साताऱ्यात अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र आहे, तर सांगलीत बँक ऑफ इंडिया.

कर्ज मंजूर झाल्यावर शुल्काची रक्कम थेट महाविद्यालयाच्या खात्यात, वर्षानुसार किंवा सत्रानुसार जाते. पुढचा हप्ता सुटण्यासाठी मागील सत्राची गुणपत्रिका आणि शुल्काची मागणी बँकेला द्यावी लागते, ती निकाल लागलेल्या आठवड्यातच नेऊन द्यावी. विद्यार्थी मंजुरीच्या वेळी १८ वर्षांचा नसेल, तर कागदांवर पालकांच्या सह्या होतात आणि तो सज्ञान झाल्यावर त्याने शाखेत जाऊन त्या कागदांना स्वतःच्या सहीने मान्यता द्यायची असते.