इगर्जीची डागडुजी आणि गावकीची जमीन : गोव्यातील एका खर्चाचा इतिहास

गोव्यातील एखाद्या गावात इगर्जीचे, म्हणजे चर्चचे, छप्पर बदलायचे ठरले की विगाराच्या, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्रीच्या, अध्यक्षतेखाली समिती नेमली जाते, पावतीपुस्तके छापली जातात आणि वाड्यावाड्यांतून वर्गणी गोळा होऊ लागते. ही पद्धत आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासूनचीच असावी, असा समज होतो. जुन्या इगर्जींचा खर्च मात्र मोठ्या प्रमाणावर गावाच्या सामायिक जमिनीच्या उत्पन्नातून निघत असे.

पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावची शेते आणि बागायती गावकरी या संस्थेच्या ताब्यात असत. पोर्तुगिजांनी तिला ‘कोमुनिदाद’ म्हटले आणि 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, तिचे रीतिरिवाज लिहून काढले. जमिनी पावणी म्हणजे लिलाव करून खंडाने दिल्या जात. आलेल्या उत्पन्नातून सरकारचा कर, खाजण म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतांचे बांध आणि देवळाचा ठरलेला खर्च भागवून उरलेली रक्कम गावकरांमध्ये, म्हणजे या संस्थेच्या सभासदांमध्ये, ‘जोण’ म्हणून वाटली जाई. तिसवाडी तालुक्यातील देवळे पाडल्यानंतर 1541 मध्ये तेथील देवस्थान-जमिनींचे उत्पन्न इगर्जींकडे वळवण्यात आले. गावकरांनी त्याला संमती दिल्याची नोंद आहे. पण सत्तेपुढे दिलेल्या संमतीला किती अर्थ असतो, हे वेगळे सांगायला नको. खर्चाची वाट तीच राहिली, फक्त देव्हारा बदलला.

गावपातळीवर हा पैसा प्रामुख्याने दोन संस्थांमार्फत खर्च होई. ‘फाब्रिक’ इमारतीचे आणि पूजासाहित्याचे पाही, तर ‘कोन्फ्रारी’ म्हणजे धर्मबंधूंचे मंडळ फेस्त (इगर्जीचा वार्षिक उत्सव), मिरवणूक आणि अंत्यविधी सांभाळी. रोकड ठेवण्याच्या पेटीला तीन कुलुपे असत आणि तीन किल्ल्या तीन वेगळ्या माणसांकडे, म्हणजे तिघे एकत्र आल्याशिवाय चुना घ्यायलासुद्धा पैसा निघत नसे. ज्यांच्या जमिनीवर इगर्ज चाले त्यांनाच मानही मिळे; मिरवणुकीत कोणत्या रंगाचा झगा कोणी घालायचा, यावरून अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले आणि त्यांच्या मुळाशी बहुतेकदा जातच होती.

1759 मध्ये जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाची हकालपट्टी झाली आणि 1835 मध्ये उरलेले धर्मसंघही बरखास्त झाले. जुन्या गोव्यातील मठ ओस पडले आणि त्यांतील सामान गावोगावच्या इगर्जींच्या उपयोगी आले. पणजीच्या इगर्जीत आज वाजणारी मोठी घंटा मूळची ऑगस्टिनियन मठाची. ती 1871 मध्ये तेथे चढवली गेली. साळगावच्या 1873 मध्ये पूर्ण झालेल्या गॉथिक धाटणीच्या इगर्जीतील मरियामातेची मूर्ती जुन्या गोव्याजवळच्या दावजीच्या मोडकळलेल्या मठातून आली. पडक्या वास्तूतून नवी वास्तू सजवण्याचा हा मार्गही एका अर्थाने निधी उभारण्याचाच होता.

वर्गणीचे युग मात्र परदेशी कमाईने आणले. बोटीवर काम करणारे तारवटी आणि आफ्रिकेत गेलेले कारकून गावच्या फेस्ताला पैसे पाठवू लागले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या ‘कूड’ म्हणजे सामायिक निवासाच्या खोल्या होत्या. तेथे भिंतीशी लावलेल्या पेट्यांच्या रांगेत बोटीची वाट पाहणारा खलाशी राही, संध्याकाळी सामायिक आल्तारापुढे (वेदीपुढे) तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणे आणि गावच्या इगर्जीसाठीही काही बाजूला ठेवी. गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यावर 1964 चा कूळ कायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणारा कूळच जमिनीचा मालक ठरला. कुळांवरचा जुना अन्याय त्याने दूर झाला, हे मान्यच करायला हवे. मात्र कोमुनिदादींचे आणि इगर्जींचे भातशेतीचे उत्पन्नही त्यासरशी आटले. ती जागा आखातातून आणि इंग्लंडमधून येणाऱ्या देणग्या, मदतीसाठी लावलेले तियात्र (कोंकणी नाटक), हाउजीचा खेळ आणि फेस्ताच्या वेळचा लेलांव म्हणजे लिलाव यांनी भरून काढली.

या बदलाने पैशाची लयही बदलली. खंड ठरल्या मुदतीने येई, म्हणून पावसानंतर जांभ्याच्या भिंतींना चुना देणे हा ठरलेला, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा खर्च होता. देणगी येते ती शताब्दीला किंवा सुवर्णमहोत्सवाला, आणि देणाऱ्याचे नाव जिथे कोरता येईल अशा फरशीला, बाकाला किंवा नव्या सज्जाला. जांभा सच्छिद्र असतो आणि चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकल्यापासून तेथील उघडा दगड दर पावसाळ्यात झिजत आहे. गावोगावी याच्या उलट चूक होते: जमलेल्या निधीतून भिंतींवर सिमेंटचा थर चढतो, ओल आत कोंडते आणि काही वर्षांनी समिती पुन्हा पावतीपुस्तक घेऊन बाहेर पडते.