थोरो घनदाट अरण्यात राहिला होता का?

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो जगाकडे पाठ फिरवून दोन वर्षं अरण्यात एकटा राहिला, ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. त्यातली दोन वर्षं तेवढी खरी.

४ जुलै १८४५ला तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. ते तळं मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावापासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर. जागा त्याच्या स्नेह्याची, म्हणजे तत्त्वचिंतक इमर्सनची. तळ्याच्या कडेनंच रेल्वे जायची. इंजिनाची शिट्टी त्याला ससाण्याच्या चीत्कारासारखी वाटे. दर एक-दोन दिवसांनी स्वारी गावात गप्पा ऐकायला हजर! १८४६च्या जुलैत दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला गावात गेला, तेव्हाच कर थकवल्याबद्दल पकडला गेला आणि एक रात्र तुरुंगात काढली.

दहा बाय पंधरा फुटांच्या त्या खोपटात खुर्च्या तीन: एक एकांतासाठी, दुसरी मित्रासाठी, तिसरी चारचौघांसाठी. कधी पंचवीस-तीस माणसंही आत मावली म्हणे.

आणि यातलं त्यानं काहीच लपवलेलं नाही. १८५४च्या ‘वॉल्डन’ या त्याच्या पुस्तकात ‘पाहुणे’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. संन्याशाची वस्त्रं त्याला आपणच चढवली.