वीटभट्टीच्या पक्क्या चिमणीसाठी परवानगी: नागपूर परिसरातील अर्जदारांसाठी माहिती

नागपूरच्या आसपास वीटभट्टीसाठी विटांची पक्की चिमणी बांधायची असेल, तर पाया खोदण्यापूर्वी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून स्थापनेची संमती आणि भट्टी पेटवण्यापूर्वी संचालनाची संमती घ्यावी लागते. हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ च्या कलम २१ मध्ये या संमतीची तरतूद आहे. आधी चिमणी आणि मग अर्ज असा उलटा क्रम बरेच जण लावतात. चिमणीची जागा आणि उंची याच अर्जातल्या मुख्य बाबी असल्याने तो चांगलाच महागात पडतो.

केंद्र सरकारच्या २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार नवी भट्टी झिगझॅग (गरम हवा विटांमधून नागमोडी वाटेने फिरते अशी) किंवा उभ्या शाफ्टच्या (विटा उभ्या पोकळीतून वरून खाली सरकत भाजतात अशी) पद्धतीची असावी, अथवा ती नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालावी. जागा वस्तीपासून व फळबागेपासून किमान ०.८ किलोमीटर आणि आधीच्या भट्टीपासून किमान एक किलोमीटर दूर असावी लागते. झिगझॅग भट्टीत दिवसाला ३०,००० पेक्षा कमी विटा तयार होत असतील तर चिमणी किमान २४ मीटर, आणि तितक्या किंवा जास्त होत असतील तर २७ मीटर उंच हवी. धुरातील कणांची मर्यादा प्रति सामान्य घनमीटर (म्हणजे प्रमाण तापमान व दाबाला मोजलेला घनमीटर) २५० मिलिग्रॅम आहे. टायर, प्लास्टिक आणि पेटकोक (खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरणारे कोळशासारखे इंधन) जाळण्यास मनाई आहे.

मंडळाच्या ऑनलाइन अर्जासोबत सातबारा, गाव नकाशा, जागेचा आराखडा, चिमणीचे मोजमाप दाखवणारे रेखाचित्र, स्थानिक संस्थेचे ना हरकत पत्र आणि भांडवली गुंतवणुकीचे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र जोडावे. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचा, आणि माती काढण्यासाठी गौण खनिजाचा प्रश्न महसूल खात्याकडे स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. संमतीचे शुल्क गुंतवणुकीवर ठरते, म्हणून इतवारीतल्या लोहा ओळीतून घेतलेल्या लोखंडी पट्ट्यांपासून सिमेंटपर्यंत प्रत्येक खरेदीचे पक्के बिल जपून ठेवावे.

साहित्याच्या बाबतीत भट्टीमालकाचा पहिला मोह असतो तो घरच्याच विटा वापरण्याचा. त्यात गैर काही नाही, फक्त त्या आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकाच्या कसोटीला उतरल्या पाहिजेत. तीन किलोची कोरडी वीट चोवीस तास पाण्यात ठेवून काढल्यावर तिचे वजन ३ किलो ६०० ग्रॅमपेक्षा जास्त भरत असेल, तर ती वीट चिमणीला लावू नये. धूर आत शिरतो त्या भागात अग्निरोधक विटांचे अस्तर द्यावे आणि ते साध्या सिमेंटच्या मसाल्यात न बांधता अग्निमातीच्या मसाल्यात बांधावे, कारण उष्णतेने सिमेंटचा जोड भुगा होऊ लागतो. अस्तर आणि बाहेरची भिंत यांच्यात पोकळी राखावी.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यात थांबवल्यास चिमणी एका बाजूला कलते, म्हणून तो कठीण मुरमापर्यंत न्यावा. आयएस ८७५ या बांधकामावरील भारांच्या मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. संरचना अभियंत्याने त्यानुसार केलेली गणिते आराखड्यासोबत ठेवावीत. परांची बांधताना तिच्या सुरक्षिततेचे मानक आयएस ३६९६ पाळावे, आणि ओळंबा प्रत्येक मीटरला लावावा, मिस्त्री कितीही जुना असला तरी.

सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे धुराचा नमुना घेण्याचे छिद्र आणि तिथपर्यंत पोचणारा पक्का मंच. अधिसूचनेने हे दोन्ही सक्तीचे केले आहेत. छिद्र सहसा धूर शिरतो त्या जागेच्या वर चिमणीच्या आतल्या व्यासाच्या आठपट आणि टोकाच्या खाली दुप्पट अंतर सोडून ठेवतात. व्यास दीड मीटर असेल तर ही अंतरे बारा आणि तीन मीटर होतात. झाकण असलेला लोखंडी नळ बांधकाम चालू असतानाच भिंतीत बसवावा. काम संपल्यावर तेवढ्यासाठी भिंत फोडली, तर अस्तरही तडकते आणि संचालनाच्या संमतीसाठीची पाहणी तितकीच लांबते.