लॉ कॉलेजचं नाव, फी आणि सनदेनंतरची वर्षं

क्लॅटचा, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की अनेक घरांत तोच हिशेब मांडला जातो. परराज्यातल्या एखाद्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळतेय, पण होस्टेल धरून पाच वर्षांचा खर्च पंधरा लाखांच्या घरात. दुसरीकडे चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय, म्हणजे जीएलसी, जिथे वर्षाची फी काही हजारांत भागते. नावासाठी एवढं कर्ज काढावं का? हा पेच शंभर वर्षांपूर्वीही होता.

इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टात बॅरिस्टरांचा दबदबा होता. बॅरिस्टर व्हायचं तर लंडन गाठावं लागे. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये ग्रेज इन या लंडनच्या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत दाखल झाले, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेली उसनवारी, एवढ्यावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबईत आले, तर सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, फीसाठीही भथेनांचाच हात धरावा लागला. एवढं करून सॉलिसिटर, म्हणजे अशिलांची कामं बॅरिस्टरांकडे सोपवणारे वकील, त्यांना ब्रीफ (खटल्याचं काम) देत नव्हते, जातीमुळे. घर चालवायला त्यांनी व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. पुढे १९३५ मध्ये ते जीएलसीचे प्राचार्य झाले. मोठ्या नावाची पदवी हातात असणं आणि काम मिळणं यांत किती अंतर असू शकतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

१९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने वकिलांचे निरनिराळे वर्ग मोडून ‘अ‍ॅडव्होकेट’ हा एकच वर्ग ठेवला. लंडनची ओढ ओसरली. महाराष्ट्रात १८५५ पासूनचं जीएलसी आणि पुण्यात १९२४ साली सुरू झालेलं आयएलएस लॉ कॉलेज ही दोन नावं आधीच मोठी होती. गजेंद्रगडकर आणि यशवंतराव चंद्रचूड हे दोन्ही सरन्यायाधीश आयएलएसचे. पण देशभरात एकूण कायद्याचं शिक्षण ढिलंच होतं. ‘दुसरं काही जमलं नाही म्हणून एलएलबी’ हे वाक्य त्या काळातलं.

ते बदलायला १९८८ मध्ये बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी भरली. एन. आर. माधव मेनन यांनी बारावीनंतरचा पाच वर्षांचा, पूर्णवेळ, निवासी अभ्यासक्रम उभा केला. हुशार मुलं वकिलीकडे वळावीत, बार, म्हणजे कोर्टातला वकीलवर्ग, सुधारावा, हा हेतू. तीन वर्षांत उदारीकरण आलं. परकी गुंतवणूक, कंपन्यांचे करार, विलीनीकरणं यांसाठी लॉ फर्मना माणसं हवी होती, आणि ती त्यांना या आवारात एकगठ्ठा मिळू लागली. बारसाठी घडवलेली बरीच मुलं फर्ममध्ये गेली. लॉ स्कूलच्या नावाला पैशाचा भाव आला तो इथे.

मग भोपाळ, हैदराबाद, कोलकाता, जोधपूर अशी रांगच लागली. २००८ मध्ये सामाईक परीक्षा म्हणून क्लॅट सुरू झाली, तीही इंग्रजीतच. नाव ‘राष्ट्रीय’ असलं तरी ही विद्यापीठं राज्यांच्या कायद्यांनी झालेली आहेत. आयआयटीसारखा केंद्राचा नियमित पैसा त्यांना नाही, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. महाराष्ट्राचा कायदा २०१४चा. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) इथली विद्यापीठं त्यातून आली.

माझं मत असं की फर्मची नोकरी हवी असेल आणि वरच्या चार-पाच संस्थांपैकी एखादी मिळत असेल, तर कर्ज फिटू शकतं. पण तोच भाव खालच्या क्रमांकाच्या नव्या विद्यापीठाला लावणं धोक्याचं आहे, कारण फर्मची भरती सगळीकडे सारखी होत नाही. शिवाय कर्जच पुढचा रस्ता ठरवून टाकतं. डोक्यावर हप्ता असलेला मुलगा सीनिअरच्या चेंबरमध्ये नाममात्र पैशांवर बसूच शकत नाही. जीएलसीची मुलं सकाळचे वर्ग आटोपून फोर्टातल्या ऑफिसांत जातात. ब्रीफ वाचणं, रजिस्ट्रीत फायलिंगच्या हरकती काढणं, बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या खटल्यांच्या यादीवर, लक्ष ठेवणं हे सनद मिळण्याआधीच अंगवळणी पडतं. कोर्टात उभं राहायचं असेल तर ही ओळख मला महागड्या आवारापेक्षा मोलाची वाटते.

अलीकडच्या दोन निकालांनी हा हिशेब आणखी हलवला. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सर्वसाधारण उमेदवाराकडून सनदेसाठी कायद्यातल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. तोवर राज्यांच्या बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्था, हजारोंनी घेत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलाला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारसच आहे, सक्ती नाही. दुसरा निकाल मे २०२५चा: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली. ही अट २००२ मध्ये काढून टाकली गेली होती आणि तेव्हापासून पदवी हाती पडताच थेट जज्जाची परीक्षा देता येत होती. आता लातूर किंवा रत्नागिरीच्या ज्या मुलीला जज्ज व्हायचंय, तिच्या घरच्यांना पाच वर्षांच्या फीबरोबर त्यापुढच्या तीन वर्षांचं घरभाडं आणि जेवणखाणही आधीच मांडून बघावं लागणार आहे.